खारीचा महाल

पॅरिसच्या आग्नेयेला शहर मागे पडलं की ब्रीचं पठार लागतं. डोंगर नाही, घाट नाही. गव्हाचं शेत संपलं की बिटाचं, बिटाचं संपलं की पुन्हा गव्हाचं. ब्री हे नाव आपल्याला चीजमुळे माहीत असतं, पण पॅरिसला शतकानुशतकं भाकर पुरवली ती याच चिकट मातीनं. त्यामुळे पॅरिसमध्ये ज्यांच्याकडे पैसा साठला, त्यांनी जमिनी घेतल्या त्याही बऱ्याचदा इथेच. मलँ गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची जुनी, अवाढव्य झाडं उभी आहेत. त्यांच्या कमानीखालून जाताना पुढे महाल आहे याचा पत्ताही लागत नाही. मग एकदम लोखंडी जाळीचं लांबच लांब फाटक येतं, त्यावर पहारा करणारे मोठ्या डोक्यांचे दगडी पुतळे, आणि जाळीच्या पलीकडे व्हो-ल-व्हिकोंत.

फाटकातून दिसलेल्या पहिल्याच गोष्टीनं मी चकित झालो. महालाच्या आरपार दिसत होतं. पुढचे तीन कमानदार दरवाजे, त्यामागे दिवाणखान्याच्या खिडक्या, आणि त्यांतून पलीकडच्या बागेवरचं आभाळ. एवढी जड दगडी इमारत मधोमध पोकळ वाटत होती. व्हर्साय पाहून इथे येणाऱ्याला महाल आधी लहानच वाटतो. व्हर्साय डोळ्यांत मावत नाही, हा एका नजरेत मावतो. सभोवती पाण्याचा खंदक आहे, पण तो कोणालाही रोखण्यासाठी नाही. किल्ल्याची सवय सुटली तरी किल्ल्याची मिरवण सुटत नाही, तसा तो आहे. अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या तबेल्यांत आणि नोकरांच्या इमारतींत वीट दिसते. महाल मात्र सगळा फिकट चुनखडीच्या दगडाचा. धनी कोण आणि चाकर कोण हे बांधकामाच्या सामानावरूनच सांगून टाकलेलं.

धनी होता निकोला फुके. चौदाव्या लुईच्या राज्याचा अर्थकारभार त्याच्याकडे १६५३ पासून होता. ही जागा त्यानं त्याआधीच, १६४१ मध्ये, तरुणपणी घेतलेली. प्रत्यक्ष महाल आणि बाग उभी राहिली ती १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पाचेक वर्षांच्या झपाट्यात. वास्तुरचना लुई ल व्होची, चित्रं आणि सजावट शार्ल ल ब्रंची, बाग आंद्रे ल नोत्रची. या तिघांना एकाच कामावर एकत्र आणणं हे फुकेचं खरं कर्तृत्व. आखणीच्या आड येणारी वस्ती उठवली गेली आणि अँकॉय नावाचा ओढा वळवून बागेत बांधून घेतला गेला.

पैसा कुठून आला, हा प्रश्न इथे प्रत्येक दालनात पाठ सोडत नाही. स्पेनशी चाललेल्या लढायांनी त्या काळी फ्रान्सचा खजिना रिकामा झाला होता. कर गोळा करण्याचे हक्क आपल्याकडच्या इजाऱ्यासारखे आगाऊ रकमेवर सावकारांना दिलेले असत, आणि येणाऱ्या वर्षांचा वसूल आधीच खर्चून झालेला असे. राजाला कर्ज द्यायला कोणी तयार नव्हतं. फुकेला मात्र मिळत असे. तो स्वतःच्या नावावर पैसे उचलायचा आणि ते सरकारला पुरवायचा. त्यात सरकारी रक्कम कुठे संपते आणि खासगी कुठे सुरू होते, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. शिवाय त्याचा वरिष्ठ, मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ, मार्च १६६१ मध्ये वारला तेव्हा मागे सुमारे साडेतीन कोटी लिव्रची संपत्ती ठेवून गेला. त्या शतकातल्या फ्रान्समधली ती बहुधा सर्वांत मोठी खासगी मालमत्ता. तिचा कारभार पाहणारा माणूस होता कोल्बेर. माझारँच्या हिशेबांकडे कोणी वळून पाहू नये, यासाठी दुसऱ्या कोणाचे तरी हिशेब चव्हाट्यावर येणं कोल्बेरच्या सोयीचं होतं. फुके स्वच्छ होता असं मी म्हणणार नाही. पण तो ज्या व्यवस्थेत मळला, ती त्यानं एकट्यानं उभारलेली नव्हती.

आत शिरल्यावर नजर वर जाते आणि खारी दिसू लागतात. छतावर, भिंतीच्या पट्ट्यांत, कोरीवकामात. झाडावर चढणारी खार हे फुके घराण्याचं चिन्ह, आणि त्याच्या ब्रीदवाक्याचा आशय होता, हा कुठवर चढणार नाही! सतराव्या शतकातल्या अर्थमंत्र्यानं असलं वाक्य भिंतीवर मिरवावं याला धाडस म्हणायचं की खुळेपणा, ते मला ठरवता आलं नाही. ल ब्रंनं रंगवलेल्या एका दालनाच्या छतावर निष्ठेचा विजय चितारला आहे. सरदारांनी बंड केलं तेव्हा फुके राजाच्या बाजूनं राहिला होता, त्याची ही आठवण. ज्याला ती करून द्यायची, त्याच्या मनात काय चाललंय याचा चित्रकाराला आणि मालकाला दोघांनाही अंदाज नव्हता.

राजासाठी सजवलेलं शयनगृह सर्वांत भपकेबाज आहे. सोनेरी मुलामा दिलेलं गचकाम, त्यातून बाहेर झुकणाऱ्या पंखधारी आकृती, मधे रंगवलेलं छत. राजा मुक्कामाला आला तर असावी म्हणून धनिकाच्या घरात अशी खोली राखून ठेवायची रीत होती. चौदावा लुई या खोलीत एकही रात्र झोपला नाही. पुढे व्हर्सायमध्ये जी शैली जगानं पाहिली, ती इथे आधीच बोलू लागली आहे हे कळायला कलेचा अभ्यास लागत नाही. दोन्ही ठिकाणं पाहिलेल्या कोणालाही ते ओळखू येतं.

मधला लंबगोल दिवाणखाना मला सर्वांत आवडला, आणि त्याचं कारण तो अपुरा राहिला हेच असावं. अठरा मीटर उंचीचा हा घुमटाकार दालनखंड. वरच्या बाजूला गोलाकार सोळा आकृत्या, बारा राशींच्या आणि चार ऋतूंच्या. घुमटाच्या आतल्या बाजूला ल ब्रं सूर्याचा महाल रंगवणार होता, शेकडो आकृत्यांचा. आराखडा तयार होता, पण रंग लागायच्या आत मालक तुरुंगात गेला. आता तिथे नुसतं फिकट आभाळ आहे, नंतरच्या काळात कोणीतरी रंगवलेलं. बाकी सगळ्या खोल्यांत डोळ्यांना क्षणाची उसंत नाही, इथे ती मिळते.

तळघरातल्या स्वयंपाकघरात तांब्याची भांडी आकारानुसार मांडली आहेत, मासा अख्खा शिजवायच्या लांबट डेगीपासून बोटभर खोल पातेल्यापर्यंत. हे स्वयंपाकघर १९५६ पर्यंत चालू होतं, त्यामुळे दिसतं ते बरंचसं अलीकडचं. तरी लोक इथे व्हाटेललाच शोधतात. फुकेच्या घरची सगळी मेजवानीची व्यवस्था त्याच्याकडे होती. १६६१ मध्ये फुकेनं इथे राजाला मेजवानी दिली, तिच्यानंतर दहा वर्षांनी शांतियीच्या महालात राजाच्या पंगतीसाठीची मासळी वेळेवर पोचली नाही म्हणून त्यानं स्वतःवर तलवार चालवून घेतली. इथल्या मेजवानीत मासळी वेळेवर आली. संकट दुसऱ्याच दारानं आलं.

घुमटाच्या वर जाता येतं. लाकडी तुळयांच्या जंजाळातून अरुंद जिना वर चढतो. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या घुमटाच्या आत केवढं सुतारकाम दडलं आहे ते तिथे कळतं. माथ्यावरून सगळी बाग नकाशासारखी उलगडते. आणि इथे एक सल्ला देतो: आधी वर चढू नका. बाग जमिनीवरून चालून पाहा आणि मग वर या. ल नोत्रनं जमिनीवर जे लपवलं आहे ते वरून उघडं पडतं, आणि गंमत जाते.

ल नोत्र माळ्यांच्या घराण्यातला. बाप त्वीलरीच्या राजबागेचा माळी. पण मुलानं तरुणपणी चित्रकार सिमाँ व्हूएच्या कार्यशाळेत शिक्षण घेतलं, आणि तिथेच त्याची ल ब्रंशी ओळख झाली. फुलझाडांपेक्षा त्याचं लक्ष रेषेवर आणि अंतरावर अधिक होतं, ते बहुधा त्यामुळेच. महालाच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की बाग एका सपाट चित्रासारखी समोर येते: दोन्ही बाजूंना नक्षीचे ताटवे, मग गोल तळं, मग चौकोनी तळं, त्याला लागूनच कमानींची दगडी गुहा, आणि तिच्यामागच्या हिरव्या चढावर सोन्याचा मुलामा दिलेला हर्क्युलिस. सगळं जवळ, हाताच्या अंतरावर. आम्ही चालायला लागलो आणि ते सगळं मागे सरकू लागलं.

यात जादू नाही, भूमिती आहे. लांबची वस्तू लहान दिसते, आणि त्या लहानपणावरून डोळा अंतराचा अंदाज बांधतो. ल नोत्रनं लांबची तळी जवळच्यांपेक्षा मोठी आणि ताणलेली केली. त्यामुळे ती लहान दिसत नाहीत, आणि ती जवळच आहेत असं डोळा मानून चालतो. त्यात जमीन टप्प्याटप्प्यानं खाली उतरते, पण प्रत्येक टप्प्याची कड अशी राखली आहे की मधला उतार पायऱ्यांवरून कळत नाही. मग चौकोनी तळ्यापाशी पोचून पाहावं, तर ज्या गुहा तळ्याच्या काठालाच असाव्यात असं वाटत होतं, त्या कितीतरी पलीकडे आहेत. मधे दरी आहे, आणि दरीत आडवा कालवा. जवळजवळ नऊशे मीटर लांब, चांगला रुंद, आणि महालाच्या पायऱ्यांवरून पूर्ण अदृश्य! आमच्या पुढे चालणारं एक फ्रेंच कुटुंब तिथे थांबलं. धाकट्या मुलानं बापाला विचारलं की आता पलीकडे कसं जायचं. बापाकडे उत्तर नव्हतं. कालव्याच्या टोकापर्यंत वळसा घालावा लागतो, तेवढं चालायचं असतं. ओढ्याचंच हे पाणी, बांधून सरळ केलेलं. त्याच्या एका टोकाला गोल फुगवटा आहे, त्याला इथे तवा म्हणतात.

कालव्याच्या पातळीवर उतरून मागे वळलं की आणखी एक गोष्ट समोर येते. ज्या गच्चीवरून आपण उतरलो, तिच्याच भिंतीत धबधब्यांची लांब रांग आहे. महालातून ती दिसण्याचा प्रश्नच नाही, कारण ती आपल्या पायांखाली होती. चौकोनी तळ्याची खुबी तर पलीकडे गेल्यावर कळते: वारा पडला असेल तर त्यात महालाचं प्रतिबिंब पुरं उमटतं, तळं महालापासून एवढं लांब असूनही.

नक्षीच्या ताटव्यांपाशी मात्र मी गोंधळलो. दुरून हिरव्या-करड्या वेलबुट्ट्या वाटलेल्या ओळी जवळून धातूच्या निघाल्या. मूळ ताटवे काळाच्या ओघात नष्ट झाले होते. जुन्या कोरीव चित्रांच्या आधारानं आशील दुशेन या उद्यानरचनाकारानं १९२३ मध्ये ते बॉक्सवुडच्या कापलेल्या झुडपांनी पुन्हा आखले. पूर्व आशियातून २००७ च्या सुमारास युरोपात आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी आणि बुरशीनं ती झुडपं पोखरली. फ्रान्समधल्या अनेक बागांवर हीच वेळ आली आहे. इथे २०१९ मध्ये मेलेली झुडपं काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची नक्षी बसवली, पात्रिक उरकाद या कलाकाराच्या कल्पनेनं. आधी मला ती खोटी वाटली. मग लक्षात आलं की दुशेनची झुडपंही सतराव्या शतकातली नव्हतीच, आणि ल नोत्रला झाडापेक्षा रेषा महत्त्वाची होती. पट्ट्यांवर ढगांची सावली सरकते तेव्हा त्या चांगल्याही दिसतात. तरी कात्रीनं कातरलेल्या झुडपाचा ओला वास त्यांना येत नाही, हे म्हणायलाच हवं.

याच बागेत १७ ऑगस्ट १६६१ ला ती प्रसिद्ध मेजवानी झाली. फोंतेनब्लोहून राजा दरबारासह आला. राणी गरोदर असल्यानं आली नाही, राजमाता आली. बागेत फेरफटका, भोजन, मग उघड्यावर मोलियेरचं ‘ले फाशो’ हे नवं नाटक, पंधरा दिवसांत रचून बसवलेलं, अंकांच्या मधे नृत्यं पेरलेलं. फ्रेंच रंगभूमीवर नाटक आणि नृत्य असे एकत्र येण्याची सुरुवात याच रात्रीपासून धरतात. मग शोभेचं दारूकाम. राजा त्याच रात्री परत गेला.

पाच सप्टेंबरला, लुईच्या तेविसाव्या वाढदिवशी, नांत शहरात फुकेला अटक झाली. अटक करणारा मस्केटिअर अधिकारी दार्तान्यां. होय, द्युमानं कादंबरीत अमर केला तोच. या दोन तारखांमुळे जगभर एकच गोष्ट सांगितली जाते: राजाला घर पाहून मत्सर वाटला आणि त्यानं यजमानालाच तुरुंगात टाकलं. माहितीच्या फलकांपासून पाहुण्यांच्या गप्पांपर्यंत सगळीकडे हेच. पण अटकेचा निर्णय मेजवानीच्या आधीच झाला होता. फुकेकडे पॅरिसच्या उच्च न्यायालयातलं महत्त्वाचं पद होतं, आणि त्या पदावरच्या माणसावर खटला चालवायचा तर तो त्याच न्यायालयात, त्याच्याच सहकाऱ्यांपुढे चालवावा लागला असता. त्याला गोड बोलून ते पद विकायला लावलं गेलं. मेजवानीला राजा आला तेव्हा यजमानाचं कवच आधीच उतरवलेलं होतं. बागेसारखंच हे प्रकरणही पायऱ्यांवरून एक दिसतं आणि चालत गेलं की दुसरंच निघतं. मधला कालवा दाखवायची कोणाची इच्छा नव्हती.

खटला तीन वर्षं चालला. न्यायाधीश राजानं निवडलेले, तरी १६६४ च्या डिसेंबरात तेरा जणांनी हद्दपारीचं मत दिलं आणि नऊ जणांनीच मृत्युदंडाचं. राजानं शिक्षा बदलली, पण वाढवून. हद्दपारीची जन्मठेप केली. आल्प्समधल्या पिन्येरोलच्या किल्ल्यात फुके १६८० मध्ये मेला. ज्या कैद्याभोवती लोखंडी मुखवट्याची दंतकथा वाढली, तो त्याच किल्ल्यात काही काळ फुकेचा नोकर म्हणून राबत होता. मित्रांपैकी बरेच पांगले. कवी ला फोंतेन मात्र त्याच्यासाठी उघडपणे लिहीत राहिला.

१६६१ हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणानं परिचित असतं. त्या वर्षी फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली. दोन्ही गोष्टींचा आपसात संबंध नाही, पण कोल्बेरचा मराठ्यांच्या इतिहासाशी आहे. फुकेचा अर्थकारभार हाती आल्यावर त्यानं १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापली, १६६८ मध्ये तिची वखार सुरतेला निघाली, आणि त्याच्याच कामगिरीवर आलेल्या बार्थेलेमी कॅरे या धर्मगुरूनं शिवाजी महाराजांविषयी कौतुकानं लिहून ठेवलं. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ॲबे कॅरे म्हणून ज्याचा दाखला देतात, तो हाच.

कालव्याला वळसा घालून गुहांपाशी आलो. दोन्ही टोकांना आडवे पहुडलेले दगडी नदीदेव, एक रोमच्या टायबरचा, दुसरा आपल्या इथल्या अँकॉयचा. इवल्याशा ओढ्याला टायबरच्या बरोबरीनं बसवायची ऐट फुकेलाच शोभावी. वरच्या चढावरचा हर्क्युलिस मात्र त्याच्या काळातला नाही. त्याला तिथे पुतळा हवा होता, पण तो बसला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेद सोमिएच्या हातून.

हा सोमिए साखर कारखानदार. साखरसम्राट आणि त्याचा बंगला ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. या साखरसम्राटानं मात्र दुसऱ्याचं मोडकं घर सावरलं. फुकेच्या पत्नीला महाल काही वर्षांनी परत मिळाला होता. पुढे तो मार्शल विलारकडे आणि १७६४ मध्ये प्रालँ घराण्याकडे गेला. १८४७ मध्ये त्या घराण्यातल्या ड्यूकनं पॅरिसमध्ये आपल्या पत्नीचा खून केला आणि विष घेतलं. पुढच्या वर्षीच्या क्रांतीआधी सरदारवर्गाची अब्रू घालवण्यात या प्रकरणाचाही हात होता. महाल ओस पडला. १८७५ मध्ये लिलावात सोमिएनं तो घेतला तेव्हा बागेत रानटी झुडपं माजली होती. त्याचं उरलेलं आयुष्य यातच गेलं, मग मुलाचं आणि सुनेचं. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. १९६८ पासून महाल लोकांना खुला आहे, आणि आजही तो सोमिएच्याच वंशजांचा, खासगी मालकीचा आहे. छपराची स्लेट, दगड, ३३ हेक्टरांच्या बागेची कापणी यांचा खर्च प्रवेशमूल्य, लग्नं आणि चित्रीकरणं यांतून काढावा लागतो. जेम्स बाँडच्या ‘मूनरेकर’मध्ये खलनायकाचं घर म्हणून हाच महाल दिसतो. उन्हाळ्यात शनिवारी रात्री दोन हजार मेणबत्त्या लावतात, आणि पंगतीला पैसे मोजून कोणीही बसू शकतं.

राजानं फुकेच्या घरातून काय नेलं याची यादी लांबलचक आहे. भिंतीवरचे विणलेले पडदे, पुतळे, संत्र्याची झाडं, आणि अर्थात तिन्ही कलाकार. ल व्हो, ल ब्रं आणि ल नोत्र यांना व्हर्सायच्या कामाला लावलं गेलं, आणि जगानं ती शैली राजाच्या नावानं ओळखली. पण मला सर्वांत अनपेक्षित वाटला तो शेजारच्या मँसी गावातला दुवा. हे लहानसं खेडं महालाहून पायी जाण्याजोगं आहे. सेझाननं १८७९ च्या सुमारास इथला पूल रंगवला. ते चित्र आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. महालाच्या भिंतींसाठी पडदे विणायला फुकेनं या गावात १६५८ मध्ये कारखाना काढला होता, ल ब्रंच्या देखरेखीखाली. त्याच्या अटकेनंतर माग, विणकर आणि अर्धवट नमुने पॅरिसला हलवले गेले. फुकेसाठी काढलेल्या काही नमुन्यांवर राजाची राजचिन्हं घातली गेली आणि तेच पडदे पुढे विणले गेले. त्यातून १६६२ मध्ये उभा राहिला तो गोब्लँ कारखाना. पॅरिसच्या तेराव्या प्रभागात तो अजूनही आहे आणि सरकारी इमारतींसाठी अजूनही विणतो.